धम्मपतिरूपक सुनावणी : विनयातील कम्मविचार आणि आदिवासींची संमती

दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना परिषदेत केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारताला संसदीय कार्यपद्धती अपरिचित नव्हती असे सांगून भिक्खुसंघाचा दाखला दिला होता. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, प्रतोद, मतगणना, शलाकेने मतदान, निंदाव्यंजक ठराव या साऱ्यांचे नियम संघाला ठाऊक होते आणि तथागतांनी ते तत्कालीन गणराज्यांच्या सभांवरून घेतले असावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. तत्पूर्वी १९२४ मध्ये काशीप्रसाद जयस्वाल यांनी ‘हिंदू पॉलिटी’ या ग्रंथात विनयपिटकातील याच सामग्रीची मांडणी केली होती. आपल्या नियतकालिकांतून आणि व्याख्यानांतून बाबासाहेबांच्या भाषणातील हा भाग वारंवार उद्‌धृत होतो, आणि त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविकही आहे. परंतु उद्धरणापाशी थांबण्याची आपल्याला सवय लागली आहे. संघात मतदान होते, गणपूर्ती होती, एवढे सांगून आपण समाधान मानतो. विनयधरांनी ज्या प्रश्नावर सर्वाधिक बुद्धी खर्च केली तो प्रश्न मात्र बाजूला राहतो. तो प्रश्न असा : सर्व सोपस्कार पार पाडूनही एखादा निर्णय निर्णयच नव्हे असे केव्हा म्हणावे?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे आजच्या एका व्यवस्थेची समीक्षा करावयाची आहे. शासनाच्या धोरणनिर्मितीत आदिवासी समूहांचे म्हणणे ऐकण्यासाठी आपल्या देशात जी यंत्रणा कागदोपत्री उभी आहे, ती ही व्यवस्था. अन्य अल्पसंख्य समूहांपेक्षा आदिवासींच्या बाबतीत ‘विचारविनिमय’ हा शब्द संविधानात आणि कायद्यांत अधिक वेळा आला आहे, हे हा विषय निवडण्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, या विषयात आपल्या चळवळीचे स्वतःचे चिंतन फार तोकडे आहे. त्याविषयी पुढे लिहीनच.

महावग्गाचा नववा खन्धक ‘चम्पेय्यक्खन्धक’ या नावाने ओळखला जातो. त्याची प्रारंभकथा साधी आहे. काशी जनपदातील वासभगाम नावाच्या गावी कस्सपगोत्त नावाचा भिक्खू राहत असे. बाहेरगावाहून आलेल्या भिक्खूंना सुखाने राहता यावे म्हणून तो झटे. एकदा काही आगंतुक भिक्खू आले. त्याने त्यांना आसने दिली, पाय धुण्यास पाणी दिले, स्नानाची, यागूची आणि भोजनाची व्यवस्था केली. सोय चांगली आहे असे पाहून ते तेथेच राहिले. काही दिवसांनी कस्सपगोत्ताच्या मनात आले की, यांचा प्रवासाचा शीण आता गेला आहे, भिक्षेची ठिकाणेही यांना ठाऊक झाली आहेत, परक्या घरी दुसऱ्यांसाठी सतत मागत राहणे कठीण आहे. त्याने ती धावपळ थांबविली. आगंतुक रागावले. ते एकत्र जमले, त्यांनी त्याला बोलावून ‘तुला आपत्ती झाली आहे, ती तुला दिसते का?’ असे विचारले. त्याने ‘दिसत नाही’ असे उत्तर देताच आपत्ती न पाहिल्याबद्दल त्याच्यावर उक्खेपनीय कम्म केले. कस्सपगोत्त चम्पा नगरीत गग्गरा पुष्करिणीच्या तीरावर भगवंतांकडे गेला. भगवंतांनी सर्व वृत्तांत विचारून घेतला, हे कम्म अधार्मिक आहे, टिकणारे नाही, असा निर्वाळा दिला आणि त्याला वासभगामलाच जाऊन राहण्यास सांगितले.

या कथेत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कस्सपगोत्ताला विचारले गेले होते. सभा भरली होती, प्रश्न केला गेला होता, उत्तरही मिळाले होते. पाहुणे म्हणून आलेल्यांनी मूळ रहिवाशाला त्याच्याच आवासातून बहिष्कृत केले, आणि तेही त्याचे म्हणणे ‘ऐकून’. आदिवासी प्रदेशांत गेल्या काही दशकांत जे घडले आहे, ते ज्याने पाहिले किंवा वाचले आहे त्याला ही कथा परकी वाटणार नाही.

कथेच्या पाठोपाठ खन्धकात कम्मांचे वर्गीकरण येते. काही कम्म अधर्माने होते, काही ‘वग्ग’ म्हणजे अपुऱ्या संघाकडून होते. या दोन्ही दोषांच्या जोड्या लावून प्रकार पाडले आहेत. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रकार ‘धम्मपतिरूपक’ कम्माचा. पतिरूपक म्हणजे हुबेहूब दिसणारे, पण ते नसणारे. याची विनयातील व्याख्या विलक्षण नेमकी आहे. संघाच्या औपचारिक निर्णयात प्रथम ‘ञत्ति’ मांडावयाची असते, म्हणजे संघापुढे अमुक विषय आहे व संघाला योग्य वाटल्यास त्याने अमुक करावे, असे निवेदन करावयाचे असते. त्यानंतर ‘अनुस्सावना’ म्हणजे कम्मवाचेचे पठण होते. किरकोळ विषयात एकदा, गंभीर विषयात तीनदा. यात ञत्तीही झाली आणि अनुस्सावनाही झाली, पण आधी अनुस्सावना आणि मागाहून ञत्ति असा क्रम झाला, तर ते कम्म धम्मपतिरूपक ठरते. एकही अंग गळालेले नाही. फक्त क्रम उलटा आहे. विनयकारांना ठाऊक होते की, ठरवून झाल्यावर विचारणे म्हणजे विचारणे नव्हे.

वग्ग आणि समग्ग यांतील भेद सांगताना विनयाने तीन कसोट्या दिल्या आहेत. त्या कम्मासाठी जेवढ्या भिक्खूंची उपस्थिती आवश्यक तेवढे आलेले असावेत. जे येऊ शकत नाहीत पण ज्यांची अनुमती घेणे आवश्यक आहे त्यांचा ‘छन्द’ आणलेला असावा. आणि समोर असलेल्यांपैकी कोणी निषेध करू नये. या तीनही गोष्टी असतील तरच शेवटचे मौन संमती मानले जाते. मौनाला संमती मानण्याची संघाची पद्धत आपण नेहमी सांगतो. पण ते मौन किती अटींनी बांधलेले आहे, हे सांगावयाचे राहून जाते. अटी काढून टाकल्या की मौन हे केवळ भयाचे किंवा अनभिज्ञतेचे लक्षण उरते.

छन्दाविषयीचे नियम तर डोळ्यांत अंजन घालणारे आहेत. उपोसथाच्या दिवशी आजारी भिक्खूने आपली परिशुद्धी आणि छन्द दुसऱ्याच्या हाती द्यावा. ते शक्य नसेल तर त्याला मंचकासह उचलून संघाच्या मध्ये आणावे. उचलल्याने आजार वाढेल किंवा मृत्यू येईल असे शुश्रूषा करणाऱ्यांना वाटले तर संघाने त्याच्याकडे जाऊन तेथे उपोसथ करावा. अपुऱ्या संघाने मात्र करू नये. म्हणजे दुर्बलाने सभेपर्यंत पोहोचण्याची जबाबदारी दुर्बलावर नाही. ती सभेवर आहे.

आता ही मापे हातात घेऊन १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना वाचावी. खाणी, धरणे, कारखाने यांच्या पर्यावरणीय मंजुरीपूर्वी जी जनसुनावणी होते, तिची कार्यपद्धती या अधिसूचनेच्या चौथ्या परिशिष्टात आहे. जिल्हा दंडाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो, किमान तीस दिवसांची सूचना दिली जाते, सूचना एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक वृत्तपत्रात प्रसिद्ध होते. सुनावणीचा प्रारंभ प्रकल्प उभारणाऱ्याच्या निवेदनाने होतो. आणि परिशिष्टात स्पष्ट नमूद आहे की, कामकाज सुरू करण्यासाठी उपस्थितीच्या गणपूर्तीची आवश्यकता नाही. संघाने चार, पाच, दहा आणि वीस अशा चढत्या गणपूर्ती प्रत्येक कम्मासाठी ठरविल्या होत्या. येथे हजारो लोकांच्या जमिनीच्या प्रश्नावर शून्य गणपूर्ती पुरेशी आहे. ही सुनावणी कोणताही निर्णय घेत नाही, मत मोजत नाही. आक्षेप आणि त्यांवरील प्रकल्पधारकाची उत्तरे नोंदवून पुढे पाठविते. विनयाच्या भाषेत बोलावयाचे तर येथे पटिक्कोसनेला जागा आहे, पण तिचा परिणाम नाही.

भाषेचा प्रश्न याहून बिकट आहे. मूल्यांकनाचा मुख्य अहवाल शेकडो पृष्ठांचा आणि इंग्रजीत असतो. सारांश मात्र राज्याच्या किंवा स्थानिक भाषेत द्यावयाचा असतो. ओडिशाच्या डोंगराळ भागात कुवी बोलणाऱ्या माणसाला ओडियातील सारांश हीदेखील परभाषाच. चुल्लवग्गात भगवंतांनी बुद्धवचन ‘सकाय निरुत्तिया’ शिकण्याची अनुज्ञा दिल्याचा प्रसिद्ध प्रसंग आहे. याचा अर्थ ‘प्रत्येकाने आपापल्या भाषेत’ असा की, बुद्धघोषाचार्य म्हणतात त्याप्रमाणे ‘भगवंतांच्या मागधी भाषेत’ असा, यावर विद्वानांत मतभेद आहेत. मला पहिला अर्थ संदर्भाशी अधिक जुळणारा वाटतो, कारण तेथे बुद्धवचन छन्दस्‌मध्ये रूपांतरित करण्याचा प्रस्ताव भगवंतांनी फेटाळला आहे. पण आपल्या लोकांनी हा प्रसंग केवळ संस्कृतविरोधासाठी वापरावा आणि शासकीय कागदांच्या भाषेला तो कधीच लावू नये, हे थोडे चमत्कारिक आहे.

शब्दांकडे वळू. कायदे आणि संविधान यांत जे शब्द आले आहेत त्यांची पायरी एकसारखी नाही. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत जनजाति सल्लागार परिषदेची तरतूद आहे. सदस्य वीसपेक्षा अधिक नसावेत, त्यांतील शक्य तितके तीन-चतुर्थांश विधानसभेतील अनुसूचित जमातींचे प्रतिनिधी असावेत. परंतु परिषदेने सल्ला द्यावयाचा तो राज्यपाल जे विषय तिच्याकडे सोपवतील त्यांवर. विषय ठरविण्याचा, म्हणजेच ञत्ति मांडण्याचा, अधिकार तिला नाही. २००३ च्या ८९ व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३३८ अ सांगतो की, अनुसूचित जमातींवर परिणाम करणाऱ्या सर्व महत्त्वाच्या धोरणविषयक बाबींत केंद्र आणि राज्ये राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाशी विचारविनिमय करतील. ‘करतील’ हा शब्द सक्तीचा आहे. विचारविनिमय न केल्यास काय, हे लिहिलेले नाही. १९९६ च्या पेसा कायद्यात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेचा किंवा योग्य स्तरावरील पंचायतीचा ‘सल्ला’ घ्यावयाचा आहे, गौण खनिजांच्या बाबतीत ‘शिफारस’ सक्तीची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला हक्कनिश्चितीची सुरुवात करण्याचा अधिकार दिला. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्याच्या कलम ४१ मध्ये अनुसूचित क्षेत्रांसाठी ‘पूर्वसंमती’ हा शब्द प्रथमच स्वच्छपणे आला, तोही ‘ग्रामसभा किंवा पंचायत’ अशा विकल्पासह. सल्ला, शिफारस, संमती हे तीन निराळे शब्द आहेत आणि प्रशासन नेहमी त्यांतील सर्वांत हलका शब्द उचलते. पेसामधील गौण खनिजांची शिफारस सक्तीची, आणि बॉक्साइट किंवा लोहखनिज यांसारख्या प्रमुख खनिजांविषयी कायदा मूक. हे मौन कोणत्या कसोटीने संमती मानावयाचे?

या साऱ्या चर्चेची खरी परीक्षा ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात झाली, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करतो. रायगडा आणि कालाहांडी या जिल्ह्यांच्या सीमेवरील या डोंगररांगेत डोंगरिया कोंध हा सुमारे आठ हजारांचा समूह राहतो. कुटिया कोंधही त्या परिसरात आहेत. नियमराजा हे त्यांचे आराध्य, आणि डोंगरमाथा हे त्याचे स्थान. त्याच माथ्यावर बॉक्साइट आहे. पायथ्याशी लांजीगड येथे वेदांत कंपनीचा अॅल्युमिना शुद्धीकरण प्रकल्प आधी उभा राहिला आणि त्याला लागणाऱ्या खनिजासाठी डोंगराची मंजुरी नंतर मागितली गेली. कारखाना हीच अनुस्सावना होती. डोंगराविषयीची ञत्ति मागाहून आली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींवर अनुमती दिली, डिसेंबर २००८ मध्ये वनमंजुरीचा पहिला टप्पा मिळाला, एप्रिल २००९ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. ऑगस्ट २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढून वनजमीन वळविण्यापूर्वी वनहक्कांची निश्चिती आणि ग्रामसभांची संमती आवश्यक केली. एन. सी. सक्सेना समितीने वनहक्क कायद्याचे पालन झाले नसल्याचा निष्कर्ष काढला आणि ऑगस्ट २०१० मध्ये मंत्रालयाने अंतिम वनमंजुरी नाकारली. ओडिशा खाण महामंडळ न्यायालयात गेले. १८ एप्रिल २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वैयक्तिक, सामूहिक, सांस्कृतिक आणि धार्मिक दाव्यांचा विचार ग्रामसभांनी करावा, तो जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या उपस्थितीत व्हावा, आणि त्यानंतर मंत्रालयाने अंतिम निर्णय घ्यावा.

या निकालाला वृत्तपत्रांनी ‘सार्वमत’ म्हटले. ते तितकेसे बरोबर नाही. निकालाने ग्रामसभेला खाणीवर नकाराधिकार असल्याचे थेट म्हटलेले नाही; दाव्यांचा निर्णय ग्रामसभेचा आणि अखेरचा शब्द मंत्रालयाचा, अशी त्याची रचना आहे. तरीही १८ जुलै ते १९ ऑगस्ट २०१३ या महिन्यात जे घडले ते आपल्या लोकशाहीच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखे आहे. न्यायाधीश आणि अधिकारी डोंगर चढून वस्त्यांपर्यंत गेले. सेरकापाडीपासून जरपापर्यंत बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. आजाऱ्याकडे संघाने जावे, हा नियम त्या एका महिन्यापुरता भारतीय राज्यसंस्थेने पाळला. जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयाने खाणीचा प्रस्ताव फेटाळला. राज्याच्या महामंडळाने २०१६ मध्ये पुन्हा ग्रामसभा घेण्याची मागणी केली, ती न्यायालयाने त्याच वर्षी मान्य केली नाही.

निकाल लागल्यावर आनंद मानणे सोपे असते. चिकित्सकाने सीमेकडे पाहावे. डोंगरात शंभराहून अधिक वस्त्या असताना बाराच का? त्या बारा राज्य सरकारने निवडल्या. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने त्या वेळी या निवडीला आक्षेप घेतला होता. विनयात सीमा हा कम्माचा प्राण आहे. सीमा संघ स्वतः बांधतो. पर्वत, पाषाण, वन, वृक्ष, मार्ग, वारूळ, नदी आणि जलाशय ही आठ निमित्ते पुकारून, सर्वांच्या समक्ष. ज्याला निर्णय हवा आहे त्याने सीमा आखावी, हे विनयाला मान्यच होणार नाही. (निमित्तांच्या यादीत पर्वत पहिला आहे, हा योगायोग नियमगिरीच्या संदर्भात सुखावतो, एवढेच.) बारा ग्रामसभांनी नकार दिला म्हणून निवडीतील दोष झाकला गेला. त्यांतील सातांनी होकार दिला असता तर काय झाले असते, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

न्यायालयाने धार्मिक दाव्यांना जे स्थान दिले त्यावर आपल्यातील काही बुद्धिवादी मंडळी नाक मुरडतात, असा माझा अनुभव आहे. डोंगर हा देव कसा, असा त्यांचा प्रश्न असतो. त्यांनी महापरिनिब्बानसुत्तातील वज्जींचे सात अपरिहानिय धम्म पुन्हा वाचावेत. वारंवार आणि एकोप्याने जमणे हे पहिले दोन आपण तोंडपाठ म्हणतो. सहावा धम्म वज्जींच्या नगरातील आणि नगराबाहेरील चेतियांचा मान राखण्याविषयी आणि त्यांना पूर्वीपासून दिले जाणारे न तोडण्याविषयी आहे. ती चेतिये बौद्ध नव्हती. तेथे काय पूजिले जाते याची चौकशी भगवंतांनी केली नाही. त्यांनी एका समूहाचे टिकून राहणे आणि त्याच्या पवित्र स्थानांचा मान यांचा संबंध सांगितला.

या डोंगरात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या वाचकांना सांगितलीच पाहिजे. डोंगरिया वस्त्यांत डोंब या अनुसूचित जातीची कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. वनहक्क कायद्यानुसार गावातील सर्व प्रौढ व्यक्ती ग्रामसभेच्या सदस्य असतात, त्यामुळे सभेत त्यांना स्थान आहे. सभेची गणपूर्ती २०१२ च्या सुधारित नियमांनुसार निम्म्यांची आहे आणि उपस्थितांत एक-तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत. परंतु हक्क मागावयाचा झाला तर अनुसूचित जमातीबाहेरच्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, निवास सिद्ध करावा लागतो. ज्याच्या पूर्वजांना जमिनीचा कागद मिळण्याचा संभवच नव्हता त्याच्याकडून हा पुरावा मागितला जातो. अल्पसंख्यांच्या आत पुन्हा अल्पसंख्य असतो, आणि त्याच्याविषयी आदिवासींच्या कैवाऱ्यांचे लेखन बहुधा गप्प असते.

आता आपल्या स्वतःच्या घराकडे पाहू. बाबासाहेबांनी मार्च १९४७ मध्ये सिद्ध केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात अल्पसंख्यांच्या प्रतिनिधित्वाचा विचार कायदेमंडळापाशी थांबविला नाही. मंत्रिमंडळातील अल्पसंख्यांचे प्रतिनिधी त्या त्या अल्पसंख्य समूहाच्या कायदेमंडळातील सदस्यांनी निवडावेत, बहुसंख्यांच्या नेत्याने नव्हे, अशी योजना त्यांनी मांडली. शिवाय अल्पसंख्यांच्या प्रश्नांवर देखरेख करणारा स्वतंत्र अधिकारी असावा असे सुचविले. सल्ल्यापेक्षा सहभाग, आणि सहभागातही प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार ज्याचा त्याला, हे त्यातील सूत्र आहे. मात्र ६ मे १९४५ रोजी मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात जातीय पेचावर केलेल्या भाषणात त्यांनी आदिवासी जमातींना या योजनेतून वगळले होते. त्यांच्यात राजकीय जाणीव अद्याप विकसित झालेली नाही, त्यांचा उपयोग कोणीही हत्यार म्हणून करील, त्यांच्यासाठी वैधानिक आयोग असावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे दीड वर्षाने घटना परिषदेत जयपालसिंग मुंडांनी आदिवासींना लोकशाही शिकविण्याची भाषा उलटवून, तीच त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे, असे ठणकावले.

बाबासाहेबांचे हे विधान आपण झाकून ठेवतो. आपले विरोधक ते संदर्भ तोडून उगाळतात. दोन्ही मार्ग मला मान्य नाहीत. १९४५ मध्ये सत्तेचे गणित मांडताना, कोणाचेही मत कोणीही वापरू शकेल अशा स्थितीतील समूहामुळे समतोल ढळेल, ही चिंता राजकीय होती आणि निराधार नव्हती. परंतु त्यातील मूळ गृहीतक इतिहासाने खोटे ठरविले आहे. सेरकापाडीच्या ग्रामसभेत जे बोलले त्यांना राजकीय जाणीव नव्हती असे कोण म्हणेल? आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) या गोंड गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत अनेक वर्षे चालविली, २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतःच्या हाती घेतले. ‘कालामसुत्ता’चा उच्चार करणाऱ्या अनुयायाने एका विधानाशी असहमत होताना कचरण्याचे कारण नाही.

संघाचा आदर्शही डोळे मिटून स्वीकारता येत नाही. संघात कोणाचा निषेध ग्राह्य धरावा याची सूची त्याच चम्पेय्यक्खन्धकात आहे. त्याच सीमेतील समानसंवासक भिक्खूने केवळ शेजारी बसलेल्या भिक्खूला सांगितले तरी त्याचा निषेध ग्राह्य. दुर्बळ आवाजाची इतकी कदर कोणत्या संसदेने केली असेल, असे वाटते. आणि लगेच पुढे वाचावे तर भिक्खुनी, सामणेर, सामणेरी यांचा निषेध ग्राह्य नाही. शलाकाग्रहणाच्या तीन पद्धतींपैकी ‘गूळ्हक’ म्हणजे गुप्त पद्धतीत, अधर्मवादी अधिक भरले असे शलाका वाटणाऱ्याला आढळले तर त्याने शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत असे म्हणून त्या परत घ्याव्यात, असे चुल्लवग्ग सांगतो. आधुनिक निवडणुकीत असे करणाऱ्याला तुरुंगात जावे लागेल. जयस्वालांच्या उत्साहात हा भाग काहीसा झाकला गेला. संघ हा एकाच ध्येयाने प्रव्रजित झालेल्यांचा समुदाय होता. धर्म काय, अधर्म काय याविषयी त्याचे पूर्वनिश्चित मत होते. ज्या समाजात धर्म-अधर्माचाच वाद आहे तेथे शलाका परत घेणारा माणूस म्हणजे सरकार. मतदानाचा नमुना म्हणून संघ अपुरा आहे. निर्णयाची वैधता तपासण्याचे शास्त्र म्हणून मात्र विनय आजच्या कायद्यापेक्षा पुढे आहे, असे माझे मत आहे.

एका भिक्खूच्या निषेधाने कम्म अडत असेल तर एका वस्तीच्या नकाराने देशाचा विकास अडावा काय, असा आक्षेप येईल. विनयकारांपुढेही ही अडचण होती. वाद वाढत जाऊन निष्पन्न काही होत नसेल तर ‘उब्बाहिके’ची, म्हणजे निवडक जाणत्यांच्या समितीची, सोय आहे. पण ती समिती संघच ञत्ति मांडून नेमतो. प्रतिनिधित्वाला विनयाचा विरोध नाही, परस्पर नेमलेल्या प्रतिनिधित्वाला आहे. सल्लागार परिषदा आणि निवडलेली बारा गावे या कसोटीला उतरत नाहीत.

याच दृष्टीने वनसंरक्षण नियमांतील अलीकडचा फेरफार वाचला पाहिजे. २००९ च्या परिपत्रकानुसार ग्रामसभेची संमती प्रस्तावासोबत येणे अपेक्षित होते. २८ जून २०२२ च्या नियमांनी केंद्राची ‘अंतिम’ मान्यता आधी ठेवली आणि वनहक्क कायद्याचे पालन झाल्याची खातरजमा करण्याचे काम त्यानंतर, वनजमीन वळविण्याचा आदेश काढण्यापूर्वी, राज्याकडे सोपविले. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने त्याच वर्षी यावर आक्षेप नोंदवून हे नियम स्थगित ठेवण्याची शिफारस केली. अनुच्छेद ३३८ अ मधील विचारविनिमयाच्या तरतुदीकडेही या वादाने लक्ष वेधले. मंत्रालयाचे उत्तर होते की, दोन्ही प्रक्रिया समांतर आहेत, वनहक्क कायद्याला कोणतीही बाधा येत नाही, एकही तरतूद रद्द झालेली नाही. उत्तर शब्दशः खरे आहे. ग्रामसभा आहे, संमती आहे, हक्कनिश्चिती आहे. एकही अंग गळालेले नाही. २०२३ मध्ये मूळ कायद्यात दुरुस्ती झाली, त्याचे नाव बदलले आणि त्याच वर्षी नवे नियमही आले. क्रम तोच ठेवण्यात आला आहे.